रुमालाखालचा भाव आणि उघडा लिलाव



परवा उन्हाळ कांद्याची ट्रॉली घेऊन मार्केटला गेलो होतो. नंबर लागायला दीड तास होता. पोरगा बरोबर होता, पहिल्यांदाच आलेला. म्हटलं, बस बोनेटवर आणि बघ. घरी येताना म्हणतो, "पप्पा, हे तर कुस्तीच्या फडासारखं आहे!" खरंच आहे. लिलावाला मजा असते. आज त्या मजेचाच इतिहास लिहितो, कारण ती मजा आपल्याला फुकट मिळालेली नाही.

आधी नवख्यांसाठी देखावा सांगतो. ट्रॅक्टर, पिकअप ओळीनं उभे. समितीचा माणूस पुढं, मागं व्यापाऱ्यांचा घोळका. एकजण ट्रॉलीवर चढतो, वरचा माल बाजूला सारून आतला कांदा काढतो. दाबून बघतो, मान बघतो, पत्ती बघतो. गोल्टी किती, जोड किती, हे त्याला एका नजरेत कळतं. आणि सुरू होतं. "अठराशे... अठराशे एकवीस... पंचवीस... एकावन्न..." कुणी मान हलवतो, कुणी नुसती भुवई. एक वार, दोन वार, तीन वार. मिनिटभरात चार महिन्यांच्या कष्टाचा निकाल. पावती हातात, आणि घोळका पुढच्या ट्रॉलीवर.

त्या एका मिनिटात छातीत जे धडधडतं, ते ज्यानं माल विकलाय त्यालाच माहीत.

बोली लावायची मजा वेगळी. ती मी एकदाच घेतली, गावच्या सप्ताहात, मानाच्या नारळाच्या लिलावात. समोर माझा चुलतभाऊ. एकावन्नला सुरू झालेला नारळ मी बाराशे एक रुपयाला घेतला. घरी बायकोनं विचारलं, "नारळ सोन्याचा आहे काय?" पण तेव्हा एक गोष्ट कळली. नारळाची किंमत मी ठरवली नाही, चुलतभावानं ठरवली. घ्यायचंच म्हणणारा दुसरा माणूस समोर असला, आणि त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत असला, की भाव चढतो. लिलावाचं सगळं शास्त्र एवढंच.

आता गंमत बघा. 'लिलाव' हा शब्द मुळात आपला नाही, पोर्तुगीज आहे. त्यांचा 'लेलाँव', आपला लिलाव. लिन्सखोतेन नावाचा एक डच माणूस १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिला होता. त्यानं लिहून ठेवलंय की गोव्याच्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी बोलीचा बाजार भरायचा. अरबी घोडे, मसाले, दागिने सगळं तिथं विकलं जायचं. माणसंसुद्धा विकली जायची, गुलाम म्हणून. हेही विसरायला नको. आरोळी उघडी असली म्हणजे बाजार न्यायाचा झाला, असं नाही.

विदर्भ-मराठवाड्यात यालाच 'हर्रास' म्हणतात, तो शब्द अरबीतून आला. गोव्यात देवळातल्या वस्तूंच्या लिलावाला 'पावणी' म्हणतात. शब्द तीन, पण काम एकच. चार लोकांत भाव मोठ्यानं बोलायचा.

मात्र शेतमालाचा भाव कित्येक बाजारांत मोठ्यानं बोलला जात नव्हता. तो रुमालाखाली ठरायचा.

ही पद्धत मी बैलबाजारात पाहिली आहे. सात-आठ वर्षांचा असेन. आजोबा खोंड विकायला गेले होते. दलालानं आजोबांचा हात धरला, वर उपरणं टाकलं. आत बोटं हलत होती आणि वर दोघांचे चेहरे दगडासारखे. मला काही कळेना. परत येताना आजोबांनी माझा हात धोतराच्या सोग्याखाली घेतला आणि शिकवलं. एक बोट धरलं की एक, दोन बोटं धरली की दोन, पंजा दाबला की पाच. शेकडा की हजार, ते आधी तोंडी ठरलेलं. मला तो खेळ फार आवडला.

पण बैलबाजारात आजोबांचा स्वतःचा हात तरी रुमालाखाली होता. धान्य, कापूस, हळद अशा मालात तसं नव्हतं. तिथं हात अडत्याचा आणि खरीददाराचा. एकेक व्यापारी यायचा, रुमालाखाली बोटं दाबून जायचा. शेवटी अडत्या सांगायचा, "अमुक भावाला गेला." सगळ्यांत जास्त बोली कुणाची होती, ती खरंच तेवढीच होती का, हे मालधन्याला कळायला मार्ग नव्हता. त्याचाच माल, आणि तोच बाहेर उभा. वर पुन्हा अडत, हमाली, तोलाई, कडता, वानगी, धर्मादाय हे सगळं कापून जे उरेल ते त्याचं.

हे बदलायची सुरुवात कांद्यानं नाही, कापसानं केली, आणि तीही आपल्याच वऱ्हाडात. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंजाचा कापूस बाजार नियमाखाली आला. आजच्या वाशिम जिल्ह्यातलं कारंजा. भारतातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून त्याचं नाव घेतात. पण फार हुरळून जाऊ नका. इंग्रजांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी चांगला कापूस वाजवी भावात हवा होता. १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला, त्यातही समित्यांवर वरचष्मा व्यापाऱ्यांचाच.

त्याच सुमारास, १८८७ साली, हॉलंडमध्ये ब्रुक ऑप लांगेडाइक या गावी भाजीपाल्याचा लिलाव सुरू झाला. तिथं शेतात जायला रस्ता नव्हे, कालवा. शेतकरी माल होडीतून आणायचे. गोष्ट अशी सांगतात की एका शेतकऱ्याच्या होडीभर फुलकोबीवर बरेच व्यापारी जमले, तेव्हा त्यानं बोली लावून ती विकली. त्यांची रीत आपल्या उलटी. भाव वरून सुरू होतो आणि खाली येत जातो. जो आधी थांबवेल त्याचा माल. दम धरला तर स्वस्त मिळेल, जास्त धरला तर दुसरा घेऊन जाईल! मला त्यातली महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. हॉलंडमध्ये पुढं असे लिलाव शेतकऱ्यांनी सहकारी पद्धतीनं स्वतःच्या हातात घेतले. कारंजाचा बाजार वरून हुकमानं आला, त्यांचा खालून होडीतून आला.

आपल्याकडं १९२८ साली शाही कृषी आयोगाचा अहवाल आला. खोटी मापं आणि मनमानी कपात यावर आयोगानं बोट ठेवलं आणि नियंत्रित बाजार सगळीकडं करा म्हणून सांगितलं. मग मुंबई प्रांताचा १९३९ चा बाजार कायदा. १९४७ साली लासलगावची बाजार समिती स्थापन झाली. पुढं महाराष्ट्राचा १९६३ चा पणन कायदा आणि त्याचे १९६७ चे नियम. माल उघड बोलीनं विकायचा, वजन सगळ्यांसमोर करायचं, मनाला येईल ती कपात करायची नाही, हे कागदावर पक्कं झालं. रुमाल काढून आरोळी आणायला, कारंजापासून मोजलं तर ऐंशी वर्षं लागली.

म्हणून पोरगा "मजा आली" म्हणाला तेव्हा बरं वाटलं. ती मजा म्हणजेच आपला हक्क आहे. भाव ऐकू येतो म्हणून मजा येते, आणि भाव ऐकू येतो म्हणूनच तो चढतो.

पण रुमाल पुरता गेलाय असं समजू नका.

मागच्या साली माझी ट्रॉली यार्डात चांगल्या भावाला गेली. खळ्यावर खाली करायला लागलो तर व्यापाऱ्याचा माणूस म्हणतो, "माल वरच्यासारखा नाही, दोनशे कमी होतील." हळू आवाजात, एकट्याला. संध्याकाळ झालेली, भाडं चढत होतं, मी मान डोलावली. क्विंटलला दोनशे रुपये गेले. यार्डात शंभर लोकांसमोर ठरलेला भाव खळ्यावर दोघांत मोडला. रात्री आजोबांचं उपरणं आठवलं. तोच रुमाल, फक्त दिसत नव्हता.

आणि आवाज पुरता बंद झाला की काय होतं, तेही आपण पाहिलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं आणि नाशिक जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. भाव कमी आला तर माणूस भांडतो तरी. भावच पुकारला गेला नाही तर भांडायचं कुणाशी?

२०१६ पासून ई-नाम आलंय, बोली मोबाईलवर. चांगलंच आहे, लांबचा खरीददार येऊ शकतो. फक्त पडद्यावर किती जण बोली लावतात ते बघत जा. एकच नाव असेल तर तो लिलाव नव्हे.

तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी. बोली चालू असताना ट्रॅक्टरवर बसून राहू नका, ट्रॉलीपाशी उभे राहा. वर निवडक आणि खाली गोल्टी असा माल भरू नका, खळ्यावरच्या कपातीला आपणच निमित्त देतो. भाव पटला नाही तर "नाही द्यायचा" म्हणा, तो हक्क मालधन्याचा आहे. आणि खळ्यावर कुणी भाव पाडायला लागला तर माल खाली करायचं थांबवा आणि पावती घेऊन समितीत परत या. मी त्या दिवशी आलो नाही. या साली पोरगा बरोबर होता, आणि त्याला मी हेच पहिलं शिकवलं.

आजोबांनी मला रुमालाखालची बोटं शिकवली. मी पोराला मोठ्यानं बोलायला शिकवतोय.