प्रारंभिक रसायनशास्त्रातील शंका आणि मराठी परिभाषेचा इतिहास
(लासलगाव परिसराच्या संदर्भात)

महाविद्यालयात रसायनशास्त्राचा आरंभ करणारे विद्यार्थी जे प्रश्न विचारतात ते पिढ्यानुपिढ्या बहुधा तेच असतात. अणू आणि रेणू यांत भेद कोणता? क्षार आम्लधर्मी कसा असू शकेल? खताच्या पोत्यावरील स्फुरद म्हणजेच फॉस्फरस काय? किरणांखाली ठेवलेला कांदा स्वतः किरणोत्सारी होतो काय? अशा शंका म्हणजे अपुऱ्या पूर्वतयारीचे चिन्ह, अशी एक समजूत रूढ आहे. ती समजूत सर्वस्वी चुकीची नसली, तरी अपुरी आहे खास. या शंकांपैकी पुष्कळांच्या मागे दोन इतिहास उभे असतात : एक शास्त्रातील कल्पनेचा, दुसरा ती कल्पना वाहणाऱ्या शब्दाचा. हे दोन प्रवाह जेथे एकमेकांशी जुळत नाहीत, नेमकी तेथेच शंका उद्भवते. त्या दृष्टीने काही निवडक प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

१

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील लासलगाव हे कांद्याच्या बाजारपेठेसाठी सर्वश्रुत आहे. सभोवतालचा प्रदेश कांद्याचा तसाच द्राक्षांचा. अशा प्रदेशातील शेतकऱ्याच्या घरात रसायनशास्त्राची एक संपूर्ण शब्दसंपत्ती आधीपासून नांदत असते. मोरचूद, हिराकस, गंधक, चुनकळी ही नावे शेतीच्या व्यवहारातील. तुरटी, नवसागर, पापडखार ही घरातील व स्वयंपाकघरातील. आणि नत्र, स्फुरद, पालाश ही खताच्या पोत्यावरील. शाळेत याच पदार्थांची दुसरी नावे येतात. पुढे अकरावीला विज्ञानशाखा घेतली की अध्यापनाचे माध्यम इंग्रजी होते आणि तिसरी नावे येतात. अशा रीतीने सोळा-सतरा वर्षांच्या विद्यार्थ्यापाशी एका द्रव्याचे तीन शब्द जमतात. परंतु ते तिन्ही एकाच द्रव्याचे आहेत हे सांगण्याचे काम अभ्यासक्रमात कोणाकडेच सोपविलेले नसते.

२

अणू व रेणू यांचा प्रश्न प्रथम घेऊ. वैशेषिक दर्शनात परमाणू हा अविभाज्य कण. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा कण तो त्रसरेणू. आधुनिक मराठीने मूलद्रव्याच्या लघुतम कणास 'अणू' व अणूंच्या संयोगाने बनलेल्या कणास 'रेणू' म्हटले. रेणू मोठा, अणू लहान, हा क्रम त्रसरेणूच्या कल्पनेशी जुळतो. हिंदीने मात्र पहिल्यास 'परमाणु' आणि दुसऱ्यास 'अणु' म्हटले. परिणामी 'अणु' हा एकच तत्सम शब्द दोन शेजारी भाषांत दोन निरनिराळे पदार्थ दर्शवितो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राचे हिंदी नाव 'भाभा परमाणु अनुसंधान केंद्र' असे आहे, ते याच कारणाने. हिंदी पुस्तक हाती घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा गोंधळ झाला, तर तो त्याच्या बुद्धीचा दोष मानता येणार नाही.

तथापि केवळ शब्दावर सारा भार टाकणेही योग्य नव्हे. कारण ही कल्पनाच स्वतः दीर्घकाळ अस्पष्ट होती. डाल्टनने १८०८ साली आपली अणुकल्पना ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा त्याने पाण्याचा कण एक हायड्रोजन व एक ऑक्सिजन यांचा धरला. आव्होगाड्रोने १८११ मध्ये वायूंच्या घनफळावरून अणू व रेणू यांत भेद करण्याचा मार्ग दाखविला; पण जवळजवळ अर्धे शतक त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे युरोपातील रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, ती अणू, रेणू व तुल्यभार या शब्दांचा अर्थ ठरविण्यासाठीच. कोंडी फोडणारे विवेचन तेथे पोहोचले ते कानिझारोच्या पुस्तिकेतून. आणि १८५८ ची ती पुस्तिका म्हणजे जिनोव्हा येथे विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी आखलेल्या पाठक्रमाची रूपरेषा होती. ज्या प्रश्नाने विद्वानांची परिषद भरविली, त्याचा उलगडा वर्गातील अध्यापनाच्या गरजेतून झाला, ही गोष्ट अध्यापकांनी विसरण्याजोगी नाही.

३

क्षार या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकविधी सांगितला आहे. वनस्पतींच्या राखेपासून काढलेले सौम्य क्षार चुन्याच्या योगाने तीक्ष्ण करण्याची ती कृती आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात तिची विशेष दखल घेतली. तेथे क्षार म्हणजे आम्लाच्या विरुद्ध गुणाचा, दाहक पदार्थ. अरबी 'अल्-कली' हा शब्दही राखेशीच निगडित आहे, आणि त्यापासून आलेल्या अल्कलीचे 'अल्क' हे रूप मराठी परिभाषेत रुळले. हिंदीने 'क्षार' शब्द या जुन्या अर्थाजवळ ठेवला आणि आम्ल व क्षार यांच्या संयोगाने होणाऱ्या पदार्थास 'लवण' म्हटले. मराठी शालेय परिभाषेने आम्लाच्या प्रतिपक्षास 'आम्लारी' हा नवा शब्द योजला आणि 'क्षार' हा शब्द त्या दोहोंपासून होणाऱ्या पदार्थास दिला. बोलीतील तद्भव 'खार' मात्र दोन्हीकडे वावरतो : पापडखार व सज्जीखार हे अल्कधर्मी, तर सुरोखार म्हणजे सोरा उदासीन.

आता लासलगाव परिसरातील विद्यार्थ्याची शंका पाहावी. पापडखार आम्लाला मारतो, हे त्याने घरी पाहिलेले असते. वर्गात त्याला सांगितले जाते की, मोरचूद हा क्षार असून त्याचे पाण्यातील द्रावण आम्लधर्मी असते. क्षार आणि आम्लधर्मी, हे त्याला वदतोव्याघातासारखे वाटते. वास्तविक तांब्याचा आम्लारी दुर्बल आणि गंधकाम्ल प्रबल असल्यामुळे त्यांच्यापासून झालेला क्षार पाण्यात विरघळताना आम्लधर्म प्रकट करतो. याचा पुरावा द्राक्षबागेतच आहे. बोर्डो मिश्रणाची माहिती मियार्देने फ्रान्समध्ये १८८५ साली प्रसिद्ध केली. त्यात मोरचुदाबरोबर चुना घालावा लागतो, कारण नुसत्या मोरचुदाचे द्रावण पानांना इजा करते. मिश्रणात लोखंडी पाते बुडवून त्यावर तांबूस थर चढतो का हे पाहण्याची बागायतदारांची जुनी रीत आहे. थर चढला तर मुक्त तांबे शिल्लक आहे व चुना कमी पडला आहे, असे ते समजतात. एका धातूने दुसऱ्यास द्रावणातून हुसकावून लावण्याचा, पाठ्यपुस्तकात स्वतंत्र प्रकरण म्हणून येणारा नियम तो हाच.

४

नत्र, स्फुरद व पालाश या शब्दांच्या बाबतीत अडचण निराळी आहे. 'स्फुरद' हा शब्द अर्थवाही आहे. ग्रीक भाषेत फॉस्फरस म्हणजे प्रकाशवाहक, आणि संस्कृत 'स्फुर्' धातूत चमकण्याचा अर्थ आहे. 'नत्र' व 'पालाश' हे शब्द ध्वनीने नायट्रोजन व पोटॅश यांच्या जवळचे आहेत. विद्यार्थी साहजिकच समजतो की, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅशियम. परंतु १०:२६:२६ या खताच्या ५० किलोच्या पोत्यात १३ किलो स्फुरद आहे असे म्हणतात, तेव्हा तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा असतो. मूलद्रव्यरूप फॉस्फरस सुमारे ५.७ किलोच भरतो. पालाशाचे १३ किलो हे पोटॅशियम ऑक्साइडचे. त्यातील पोटॅशियम सुमारे १०.८ किलो. नत्राचे ५ किलो मात्र खरोखरच नायट्रोजनचे असतात. शिवाय पोत्यात यांपैकी एकही ऑक्साइड त्या रूपात नसतो.

ही विसंगती मराठीची नव्हे. बर्झेलियसच्या द्वैतवादी मताप्रमाणे प्रत्येक क्षार हा दोन ऑक्साइडांचा संयोग मानला जाई, आणि खनिजांचे व वनस्पतींच्या राखेचे पृथक्करण त्याच रूपात मांडले जाई. पुढे ते मत मागे पडले. खतांच्या व्यापारातील मोजणीची पद्धत मात्र तशीच राहिली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातील एक गतार्थ सिद्धांत आजही खताच्या पोत्यावर छापला जात आहे. पोत्यावरील आकडे व सारणीतील अणुभार जुळत नाहीत, असे ज्या विद्यार्थ्याच्या ध्यानात येते त्याचे निरीक्षण अचूक होय.

'मोल' या शब्दाचे उदाहरण लहान आहे, पण बाजारपेठेच्या गावी लक्षणीय आहे. मराठीत मोल म्हणजे किंमत. रसायनशास्त्रातील मोल हे पदार्थराशीचे एकक असून २० मे २०१९ पासून त्याची व्याख्या ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण अशी ठरली आहे. ध्वनी एक, अर्थाचा संबंध शून्य. हे पहिल्याच दिवशी सांगून टाकणे बरे.

५

लासलगावचा खास प्रश्न किरणांचा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने येथे उभारलेले कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, अर्थात 'कृषक', २००२ साली सुरू झाले. साठवणीत कांद्याला कोंब फुटू नयेत यासाठी त्यावर कोबाल्ट-६० या किरणोत्सारी द्रव्याच्या गॅमा किरणांचा मारा करणे, हा त्याचा मूळ हेतू. २००७ मध्ये अमेरिकेस निर्यात झालेल्या आंब्यांवरही येथे प्रक्रिया झाली.

मराठीत या प्रक्रियेस 'विकिरण' म्हणतात, आणि अणुकेंद्रकातून आपोआप किरण बाहेर पडण्याच्या गुणास 'किरणोत्सारिता' अथवा 'किरणोत्सर्ग'. दोन्ही शब्दांच्या पोटी 'किरण' आहे. त्यामुळे किरण घेणारा पदार्थ आणि किरण देणारा पदार्थ यांतील भेद पुसट होतो. त्यातच हिंदीत 'विकिरण' हा शब्द खुद्द प्रारणासाठी वापरतात. विद्यार्थ्याची शंका म्हणून येथे अत्यंत रास्त ठरते, आणि तिचे उत्तर आकड्यांनी देता येते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ व १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट असते; कार्बन, नायट्रोजन वा ऑक्सिजन यांच्या केंद्रकातून न्यूट्रॉन उखडण्यास १० दशलक्षांहून अधिक लागते. म्हणून केंद्रक जसेच्या तसे राहते. बदल होतो तो रेणूंच्या बंधांत. कोंबाच्या वाढत्या पेशींतील जनुकद्रव्यास इजा पोहोचून त्यांचे विभाजन थांबते. कांदा दिव्याखाली ठेवला म्हणून तो दिवा होत नाही. अणू व रेणू यांतील भेद ज्याला स्पष्ट झाला, त्याला हे उत्तर कळण्यास वेळ लागत नाही. आणि ज्याला तो झाला नाही, त्याचे भय कोणत्याही आश्वासनाने जात नाही.

६

परिभाषा घडविण्याचे प्रयत्न मराठीत कमी झालेले नाहीत. य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा शास्त्रीय परिभाषा कोश १९४८ साली निघाला. डॉ. रघुवीर यांनी मूलद्रव्यांनाही संस्कृतोद्भव नावे देण्याचा मार्ग धरला. १९६० मध्ये महाराष्ट्र शासनाचे भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६१ मध्ये केंद्रीय शब्दावली आयोग. आयोगाने मूलद्रव्यांची नावे, चिन्हे व एकके आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवण्याचे धोरण स्वीकारले. या सर्व खटाटोपात प्रश्न विचारला गेला तो मुख्यतः असा : इंग्रजी शब्दास मराठी प्रतिशब्द कोणता? घरी व शेतात जो शब्द आधीच आहे, त्याचा अर्थ नव्या परिभाषेत कोठे बसतो, हा उलट दिशेचा प्रश्न मागे राहिला.

यावर असा आक्षेप संभवतो की, उच्च शिक्षण इंग्रजीतून होणार असेल, तर बोलीतील शब्दांचा हा खटाटोप हवा कशाला? त्यास उत्तर असे की, शब्द टाळल्याने अर्थ टळत नाही. विद्यार्थी इंग्रजी संज्ञा पाठ करतो, पण तिचा अर्थ आपल्या क्षाराच्या वा स्फुरदाच्या जुन्या अर्थावरच बेतून घेतो, आणि चूक परीक्षेपर्यंत अदृश्य राहते. म्हणून अध्यापकाने शंका ऐकताना ती कोणत्या शब्दातून आली आहे हे प्रथम पाहावे. परिभाषेच्या अभ्यासकानेही कोशातील नोंदीबरोबर बाजारातील व बागेतील प्रयोग नोंदवावेत. लोखंडी पात्यावरील तांबूस थराचा अर्थ जाणणाऱ्या घरातील मुलगा वर्गात आल्यावर रसायनशास्त्रात कोरा ठरत असेल, तर उणीव त्याच्या ज्ञानात नसून दोन शब्दसंग्रहांना जोडणाऱ्या दुव्यात आहे.