लॅन पोर्ट, लिनक्स लॅपटॉपचा : बोर्ड बदलल्यानंतर

लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला आणि डिस्क जुनीच ठेवली, तर लिनक्स कुरकुर न करता सुरू होते. वाय-फायही बहुधा चालते, कारण त्याचे कार्ड पुष्कळदा सुटे असते आणि जुन्या बोर्डावरून काढून नव्यावर बसवता येते. लॅनची चिप मात्र बोर्डावरच असते, त्यामुळे बोर्डाबरोबर तिचा ४८ बिटांचा मॅक ॲड्रेसही बदलतो. केबल लावूनही नेट येत नाही, त्याचे मूळ अनेकदा इथे असते : कार्ड नवे, पण डिस्कवरच्या नोंदी जुन्या.

जुन्या वितरणांत हे हमखास घडे. युडेव्ह ही यंत्रणा पाहिलेल्या प्रत्येक कार्डाचा मॅक ॲड्रेस ‘७०-पर्सिस्टंट-नेट’ या नियमफाइलीत लिहून ठेवी. ‘ईथ०’ हे नाव जुन्या कार्डाकडे राखीव राही आणि नव्याला ‘ईथ१’ मिळे. नेटवर्कची मांडणी मात्र ‘ईथ०’चीच वाट पाहत बसे. जुनी ओळ खोडून नव्या ओळीत ‘ईथ०’ लिहिले आणि मशीन रीस्टार्ट केले, की काम होई.

जानेवारी २०१३च्या सिस्टमडी १९७पासून नाव कार्डाच्या जागेवरून ठरवण्याची पद्धत आली. इंटेलची चिप असलेल्या अनेक थिंकपॅडांत पीसीआय यादी तिची जागा ००:१९.० अशी दाखवते. हा षोडशमान १९ म्हणजे दशमान २५, म्हणून नाव ‘ईएनपी०एस२५’. त्याच मॉडेलचा बोर्ड बसवला तर सहसा हेच नाव परत मिळते. तरीही नेटवर्क मॅनेजरच्या प्रोफाइलमध्ये जुना मॅक ॲड्रेस बांधलेला असेल, तर ती जोडणी नव्या कार्डाला लागू होत नाही. तो रकाना रिकामा करावा.

सेटिंग उचकण्यापूर्वी पोर्टचा दिवा पाहावा. हे साधे काम लोक शेवटी करतात. ‘आयपी लिंक’ या आज्ञेने ‘नो-कॅरिअर’ दाखवले तर आधी केबल, पोर्ट किंवा स्विच तपासावा. इंटरफेसच दिसत नसेल तर पीसीआय यादीत चिप शोधावी. ती तिथेही नसेल तर नव्या बोर्डाच्या बायोसमध्ये लॅन बंद आहे का ते बघावे. चिप दिसते पण इंटरफेस नाही, अशा वेळी कर्नलचे संदेश वाचावेत : इंटेलच्या पुष्कळ चिपांना ई१०००ई आणि रिअलटेकच्या पुष्कळ चिपांना आर८१६९ हा ड्रायव्हर लागतो. चिपच्या स्मृतीतला चेकसम चुकीचा आढळला तर ई१०००ई कार्ड चालू करायलाच नकार देतो. मग दोष लिनक्सचा नाही. बोर्ड दुकानदाराला दाखवावा.

लॅपटॉपमध्ये सगळे ठीक असूनही अडचण बाहेर असू शकते. कॉलेज, कचेरी किंवा गल्लीतला केबल-इंटरनेटवाला यांच्याकडे जुना मॅक ॲड्रेस नोंदलेला असेल, तर नवा कळवावा लागतो. नेटवर्क मॅनेजरमध्ये ‘क्लोन’ म्हणून जुनाच ॲड्रेस देता येतो, पण काढलेला बोर्ड त्याच नेटवर्कवर दुसऱ्या लॅपटॉपात चालू असेल तर दोघांचीही जोडणी तुटत राहते.