कारंज्याची लूट आणि वऱ्हाडची जहागीर

इ. स. १६७० च्या डिसेंबर महिन्यांत मराठ्यांच्या घोडदळानें वऱ्हाडांतील कारंजें शहर लुटलें. सुरतेच्या लुटीची हकीकत शाळकरी मुलांसही ठाऊक असते. कारंज्याची मात्र एका ओळींत आटोपली जाते. वास्तविक सुरतेच्या दुसऱ्या लुटींत बादशाही चौकशीप्रमाणें ६६ लक्ष रुपये गेले, आणि कारंज्यांतून हललेल्या सोन्यारुप्याचा व उंची वस्त्रांचा अंदाज एक कोटीचा आहे.

आजच्या वाशीम जिल्ह्यांतील मेडशीपासून कारंज्यापर्यंतच्या या मुलखावर तेव्हां मोंगलांचा अंमल होता. चांदबिबीनें १५९६ त वऱ्हाड अकबराच्या हवालीं केल्यास पाऊणशें वर्षें होत आलीं होतीं. कारंजें हें नृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान, जैन भट्टारकांचें पीठ, आणि धनाढ्य सावकारांची पेठ.

मराठे इतक्या दूर केवळ संपत्तीच्या वासानें आले, असें म्हणणें अपुरें होईल. १६६६ त आग्र्यास जाण्यासाठीं बादशहानें शिवाजी महाराजांस एक लक्ष रुपये आगाऊ दिले होते. पुढें सलोखा होऊन संभाजीराजांस पंचहजारी मनसब व वऱ्हाडांत जहागीर मिळाली. प्रतापराव गुजर व निराजी रावजी फौजेसह औरंगाबादेस शहाजादा मुअज्जमपाशीं राहिले, आणि मराठ्यांचे अंमलदार वऱ्हाडांत वसूल करूं लागले. तोंच आग्र्याचें तें लक्ष रुपयांचें येणें वसूल करण्यासाठीं औरंगजेबानें त्या जहागिरीचा कांहीं भाग जप्त केला! ज्यास नजरकैदेंत ठेवलें त्याच्याच माथीं त्या प्रवासाचा खर्च मारावा, ही हिशेबी वृत्ति त्या बादशहास शोभणारीच होती. १६७० च्या आरंभीं सलोखा मोडला, आणि फेब्रुवारींत सिंहगड परत घेतला गेला.

ऑक्टोबरांत सुरत लुटून परततांना वणी-दिंडोरीपाशीं दाऊदखानाशीं गांठ पडली. तेथून मराठे सुखरूप निघाले. डिसेंबरांत प्रतापराव खानदेशांत शिरले, बऱ्हाणपूरलगतचें बहादुरपुरा लुटून ते कारंज्यावर आले. प्रतिकार असा झालाच नाहीं. चार हजार बैल व गाढवें लुटीनें लादलीं गेलीं, आणि गांवांतील बहुतेक श्रीमंतांस खंडणीसाठीं धरून नेण्यांत आलें. सर्वांत बडा सावकार तेवढा स्त्रीवेष घेऊन निसटला. ही गोष्ट ऐकून हंसूं येतें. परंतु पकडलेल्यांच्या घरीं त्या रात्रीं हंसण्यासारखें कांहीं नव्हतें. ते कोणी मोंगल सरदार नव्हते, पेढ्या चालविणारे गृहस्थ होते. लक्षाची जप्ती बादशहानें केली, आणि कोटीची भरपाई त्यांच्या तिजोऱ्यांतून झाली, हें मराठ्यांच्या अभिमान्यांनींही मान्य केलें पाहिजे.

वऱ्हाडचा सुभेदार खान-इ-जमान मराठ्यांचा माग काढण्यास निघाला खरा, परंतु इतक्या संथपणें, कीं लादलेलीं गाढवेंही त्याच्या हातीं लागलीं नाहींत.

या स्वारींत आणखी एक गोष्ट घडली, आणि ती कोटीपेक्षां वजनदार होती. वाटेवरील गांवांच्या पाटलांकडून सालिना वसुलाचा चौथा हिस्सा शिवाजी महाराजांस देऊं, असे लेखी करार घेण्यांत आले. लूट एकदां नेतां येते. चौथाईचा कागद मात्र दरसाल पुढें करतां येतो. ज्या मुलखांत मराठे बादशहाचे जहागीरदार म्हणून वसूल करीत होते, तेथें आतां ते आपल्याच नांवानें मागूं लागले.