विनिमय दराची जोखीम आणि आंबेडकरांचा प्रबंध

विनिमय दरातील जोखमीचे अध्यापन विद्यापीठांत बहुधा ती टाळण्याच्या तंत्रापाशी थांबते. ती कोणाच्या माथी पडते, हा प्रश्न लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एका भारतीय विद्यार्थ्याच्या प्रबंधात आढळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ (१९२३) हा तो प्रबंध होय. चांदी घसरली, तसा रुपयाही उतरला. होम चार्जेस स्टर्लिंगमध्ये चुकविणाऱ्या सरकारची कोंडी झाली. १८९३ मध्ये लोकांच्या चांदीचे रुपये पाडून देणे टांकसाळींनी बंद केले आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सवर बांधला गेला. या सुवर्ण विनिमय पद्धतीची पाठराखण केन्स यांनी १९१३ मध्ये केली होती. आंबेडकरांचा आक्षेप मूलगामी होता. विनिमय दर स्थिर राहिला म्हणून रुपयाची देशांतर्गत क्रयशक्ती स्थिर राहतेच असे नाही. शिवाय उतरत्या रुपयाने निर्यातदारास होणारा नफा, त्यांच्या मते, किमतींमागे रेंगाळणाऱ्या मजुरीतून येत होता. मार्गदर्शक प्रा. एडविन कॅनन यांना यातील बहुतेक युक्तिवाद अमान्य होते. तरीही ग्रंथाची प्रस्तावना त्यांनीच लिहिली, हे विशेष. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे आंबेडकरांनी साक्ष दिली. १९२७ मध्ये सरकारने दर ठरविला, तो १ शिलिंग ६ पेन्सचा.