परभणीच्या सळया, समुद्राचं बर्फ

परभणी जिल्ह्यात बोअर घ्यायचा म्हटलं की पाणाड्याच्या जोडीला मशीनवालाही येतो. काळ्या रानात तो एका ओळीत चार सळया ठोकतो; बाहेरच्या दोहोंतून वीज सोडतो, आतल्या दोहोंमधला विद्युतदाब मोजतो आणि त्यावरून जमिनीचा विजेला होणारा रोध काढतो. सळया लांब नेल्या की वीज खोल उतरते. रोधाचा आकडा घसरला की आशा धरायची: खालचा पाषाण फुटलेला आहे, भेगांत पाणी असेल.

गंगाखेडवरून वाहणारी गोदावरी जिथे समुद्राला मिळते, त्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यात 2006 साली ‘जॉयडेस रेझोल्यूशन’ जहाजाने समुद्रतळ खोदला, तेव्हा भोकात हीच विद्या वापरली. फक्त तिथे आकडा चढायला हवा होता! खारं पाणी मुरलेल्या गाळातून वीज सहज धावते. थंडी आणि दाबाखाली पाणी मिथेनभोवती गोठून हायड्रेट होतं, मीठ बाहेर टाकतं आणि विजेची वाट अडवतं. दहाव्या ठिकाणी असा सुमारे 128 मीटर जाडीचा थर सापडला.

हायड्रेटचा इतिहास 1811च्या हम्फ्री डेव्हीपासून सांगतात. 1934 साली हॅमरश्मिटने तुंबलेल्या वायुनळ्यांत ते ओळखलं. ठीक आहे. पण जमिनीत ते शोधण्याची विद्या रसायनशाळेतली नव्हे, ती खनिज शोधणाऱ्यांची. चार सळयांचा मान अनेक जण अमेरिकेच्या वेनरला देतात, 1915च्या लेखामुळे. मी तो कॉनराड श्लुंबर्जेला देतो: 1912 सालीच तो फ्रान्समध्ये जमिनीत वीज सोडून बघत होता, आणि 1927 साली पेशेलब्रॉनला हीच मोजणी तेलविहिरीत उतरवली ती त्याच्याच माणसांनी. वेनरने सूत्र दिलं, श्लुंबर्जेने घराणं उभं केलं.

खरा वाद पुढचा. रोधावरून सच्छिद्र खडकातल्या पाण्याचं प्रमाण काढायचं सूत्र आर्चीने 1942 साली मांडलं. ते दहाव्या ठिकाणी लावलं, तर गाळाच्या छिद्रांतली निम्म्याहून जास्त जागा हायड्रेटने भरलेली दिसली, कुठे 80 टक्क्यांपर्यंत. दाब राखून वर काढलेल्या नमुन्यांत मात्र ती 26 टक्क्यांच्या आत होती. ली आणि कोलेट या संशोधकांनी 2009 साली उलगडा केला: हायड्रेट छिद्रांत सारखं पसरलेलं नव्हतं, उभ्या भेगांत भरलेलं होतं. आडव्या जाणाऱ्या विजेला त्या भिंतीच. नमुने शेजारच्या विहिरींतले होते, त्या जागाबदलाचाही थोडा फरक असेल, पण मुख्य कारण हेच, आणि मला ते पूर्ण पटतं. परभणीच्या पाषाणातही पाणी बरंचसं भेगांत असतं. म्हणून मशीनवाल्याला एकाच दिशेने सळया ठोकू देऊ नका; एक ओळ झाली की तिच्या काटकोनातली दुसरीही मोजायला लावा.