धनुकली, तात आणि लोकर

धनुष्याची दोरी आणि जनावराचे केस यांचं नातं जुनं आहे, पण ते सगळीकडं सारखं नाही. माझा नातू तिरंदाजी शिकतो. त्याच्याकडून कळलं की अमेरिकेत लाकडी धनुष्यानं शिकार करणारे लोक दोरीला केसाळ कातड्याची पट्टी बांधतात. बाण सुटला तरी दोरी थरथरत राहते आणि टणकन आवाज होतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो, असल्या धनुष्याचा बाण ५०-६० मीटर. म्हंजे बाणाच्या आधी आवाज हरणाच्या कानात. हरीण दबकतं आणि बाण वरून निघून जातो.

म्हणून बीव्हर नावाच्या पाण्यातल्या जनावराचं कमावलेलं कातडं घेतात. केस तुटू नयेत म्हणून पातं मागल्या बाजूनं चालवतात. करंगळीपेक्षा अरुंद पट्टी काढतात आणि दोरीच्या दोन्ही टोकांकडं गुंडाळतात. दोरीची थरथर त्या केसांत जिरते. काहीजण नुसते लोकरीचे गोंडे बांधतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं रानातल्या जनावराच्या शिकारीला आणि कातड्याला बंदी आली, ते योग्यच झालं. मेंढीची लोकर मात्र कायद्यानं अडवलेली नाही. ती आपणच टाकून दिली. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या मावळात डोंगरावर राहणारे गवळी धनगर म्हशी पाळतात. मेंढरं यायची ती फलटण-बारामतीकडच्या धनगरांची. दिवाळी झाली की त्यांचे वाडे कोकणाकडं निघायचे. तोवर आमची भातं निघालेली असायची. रिकाम्या खाचरात रात्रभर मेंढरं बसवायची, लेंडी-मुताचं खत मिळायचं आणि धनगराला त्याबद्दल धान्य द्यायचं. त्या मुक्कामात त्यांची धनुकली मी पाहिली.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. आधी ओढ्यात धुतात, अंग वाळू देतात, मग कातर. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ, ती सगळ्यात मऊ. ती वेगळी ठेवायची. काळी, पांढरी, खैरी असे ढीग करायचे. कुसळं, गोखरू हातानं वेचायचं. एवढं झालं तरी लोकर गुठळ्यांचीच असते. तिथं धनुकली लागते. लाकडाची लांब कमान, तिला आतड्याची तात ताणून बांधलेली. तात लोकरीच्या ढिगाला टेकवायची आणि लाकडी मोगरीनं ठोका मारायचा. तात थरथरते, केस तिला चिकटतात आणि वर उडतात. धूळ खाली गळते, गुठळी उकलते. थोड्या वेळात ढिगाचा ढग होतो.

एक म्हातारबा वडिलांना म्हणाले होते, "पाटील, तात बोलली पायजे. तात मुकी झाली की केस मोकळा व्हत न्हाय." तिकडं केसांनी दोरी गप्प करायची आणि इकडं दोरीला बोलती करून केस सोडवायचे. थरथर तीच, उपयोग उलटा. ओल्या लोकरीवर मात्र हे काम चालत नाही, म्हणून पिंजायचं ते उघडिपीत.

पिंजलेल्या लोकरीचे पेळू करून बाया चरख्यावर सूत कातायच्या. पुढं काम सनगराचं. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ करायची आणि ती ताण्याला कुंच्यानं लावायची, म्हणजे सूत ताठ होतं, तुटत नाही. मग खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची.

मावळात घोंगडीवाचून पावसाळा निघत नव्हता. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आवणीला बाया इरलं घ्यायच्या, गडी घोंगडीची खोळ करायचे. लोकर साबणानं धुतलेली नसते, तिच्यातली मूळची चरबी राहते, त्यामुळं पाणी बराच वेळ आत येत नाही. आणि भिजली तरी ती ऊब सोडत नाही. तीच घोंगडी रात्री अंथरूण, बाळंतिणीला पांघरूण आणि पाहुण्याला बैठक. पंचांचा निवाडासुद्धा घोंगडीवर बसून व्हायचा.

ती गेली कशी? एका दिवसात नाही गेली. आधी गिरणीचं ब्लँकेट आलं. ठाण्याला १९२५ साली रेमंडची लोकरी गिरणी सुरू झाली, ती सुरुवातीला जाडीभरडी ब्लँकेटंच काढायची. पुढं प्लास्टिकचा कागद आला, हलका आणि स्वस्त. मग मटणाचा भाव वाढला आणि मेंढपाळ जतकडच्या माडग्याळ मेंढीकडं वळले. ती अंगानं मोठी, पण तिला लोकर कमी. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण पोट मटणावर भरतं. वाटाही बदलल्या. २००२ साली द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला, त्यावर जनावरं चालवायला मनाई आहे. आता बरेच वाडे टेंपोतून जातात.

आज कातरणी होते ती मेंढीला उन्हाळा सोसावा म्हणून. कातरणाऱ्याची मजुरी लोकरीतून निघत नाही. बांधाला टाकून दिलेली लोकर मी डोळ्यांनी पाहिली आहे. घोंगडीला शहरात पुन्हा गिऱ्हाईक दिसतं, योगासनाला, भिंतीवर लावायला. चांगलं आहे. पण पिंजणारा हात राहिला नाही तर गिऱ्हाईक येऊन काय करणार? सूत यंत्रावर निघेल. पण कुठली लोकर जावळाची, कुठली रेनकोटाची जागा घेईल आणि कुठली नुसती अंथरायची, हे हाताला कळायचं, ते यंत्राला कोण शिकवणार?

आपल्याकडं न सुटणाऱ्या कामाला भिजत घोंगडं म्हणतात. मावळातल्या माणसाला त्याचा अर्थ नीट ठाऊक आहे, कारण आमच्याकडं आषाढात भिजलेली घोंगडी चार-चार दिवस चुलीपुढं टांगली तरी वाळत नव्हती. लोकरीचा प्रश्न आज तसाच टांगलेला आहे. फरक एवढाच की तेव्हा चूल पेटती असायची.