पेटीवाल्याची चाल

चाळीस वर्षं मी संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतो आहे. तालमीला बसताना आधी मनोमन हात जोडतो ते गोविंदराव टेंब्यांना. आमच्यासारख्या साथीदाराला नाटकाच्या चालीवर हक्क मिळाला तो त्यांच्यामुळे.

गोविंदराव १८८१ साली कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात जन्मले. त्यांच्या तरुणपणी कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी गवई अल्लादियाखाँसाहेब होते, गावात बैठकी रंगत होत्या. पेटी त्यांना कुणी हात धरून शिकवली नाही. कानावर पडलेलं त्यांनी पट्ट्यांवर शोधलं. पुढे गवई भास्करबुवा बखल्यांच्या साथीला ते बसू लागले. गाणारा श्वास कुठे घेणार, समेवर कसा येणार, हे आधी ओळखून अर्धं पाऊल मागे राहायचं, ही साथीची विद्या त्यांनी तिथे कमावली.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक १८८० साली आलं तेव्हा चाली नाटककारच योजत असे. साक्या, दिंड्या, लावण्या, कीर्तनातल्या आणि कर्नाटकी चाली, त्यात आपले शब्द. नाटककार खाडिलकरांच्या ‘मानापमाना’च्या वेळी मात्र किर्लोस्कर नाटक मंडळीने हे काम गोविंदरावांवर सोपवलं. १२ मार्च १९११ रोजी नाटक रंगभूमीवर आलं आणि बैठकीतली ठुमरी, दादरा, गझल थेट नाटकगृहात ऐकू आली.

चाल आधी ठरे, खाडिलकर शब्द मागून बसवीत. म्हणून त्या पदांत जोडाक्षरांची दाटी आहे. परवा एका मुलीला त्यातलं पद शिकवत होतो. तिची मुरकी नेमकी जोडाक्षरावर यायची आणि सूर फुटायचा. मी भाता थांबवला, म्हटलं, “बाळ, अक्षर सरळ म्हण, मुरकी अर्ध्या मात्रेने पुढच्या स्वरावर घे.” तिने घेतली आणि पद मोकळं झालं. पेटीवर मींड निघत नाही. कोणत्या सुराला नुसता स्पर्श करायचा आणि कुठे थांबायचं, हे बोटांना ठाऊक असावं लागतं. गोविंदरावांच्या चालीत प्रत्येक सुराची जागा इतकी स्पष्ट आहे ती यामुळेच, असं मला वाटतं. म्हणूनच खेड्यातल्या हौशी पेटीवाल्यालाही ती उचलता आली.

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासोबत ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. पुढे त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. दहा वर्षांनीही ‘मानापमान’ ताजंच होतं. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन गायक-नट एकत्र उभे राहिले ते याच नाटकात. १९३२ साली ‘प्रभात’ चित्रसंस्थेचा ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट कोल्हापुरात तयार झाला. त्यात हरिश्चंद्राची भूमिका गोविंदरावांची आणि संगीतही त्यांचंच.

इतकं करूनही ‘माझा संगीत व्यासंग’ या पुस्तकात ते मनापासून लिहितात ते ऐकलेल्या थोर गवयांविषयी. साथीदाराचा हा स्वभाव मला फार मोठा वाटतो. उद्या तालमीला ती मुलगी पुन्हा येईल. सूर मी देईन, मग वाट तिची. मी अर्धं पाऊल मागे.